कमळाचा कागद

मंदाकिनीबाई गेल्या त्या दुपारी त्यांची जपानला न्यायची बॅग पुढच्या खोलीत उघडीच पडलेली होती. धाकट्या मुलीच्या, मंजिरीच्या बाळंतपणाला त्या निघाल्या होत्या. व्हिसा झाला होता, तिकीट हातात आलं होतं. राहिला होता तो फक्त डिंक, आणि तो आणायला त्या सकाळीच गोलबाजारात गेल्या. दुसऱ्या कोणी आणलेला डिंक त्यांना चालत नसे. दुकानदार माणूस बघून माल देतो, असं त्यांचं म्हणणं. परत आल्या, रिक्षातून उतरल्या, व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकल्या आणि थोरलीला हाक मारून म्हणाल्या, "मीरा, पाणी आण बरं जरा." मीरा पाणी घेऊन बाहेर आली तोवर सगळं आटोपलं होतं. पिशवी मांडीवर होती आणि पिशवीचे बंद अजून बोटांत अडकलेले होते.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शेजारचा बंगला कुठल्याशा संचालनालयाने भाड्याने घेतला होता. तिथल्या दिव्याच्या गाड्या शंकर नगरातल्या त्या अरुंद गल्लीत कुणाच्याही फाटकापुढे उभ्या राहायच्या आणि मंदाकिनीबाई रोज त्या ड्रायव्हर लोकांशी भांडायच्या. भांडण झालं की त्यांनाच आत बोलावून माठातलं पाणी द्यायच्या. त्या दिवशी तेच ड्रायव्हर धावत आले. त्यांनीच खुर्चीसकट बाईंना उचलून आत आणलं आणि मग सगळे जण टोप्या काढून भिंतीशी उभे राहिले. मीराने त्यांना पाणी विचारलं. नंतर ही गोष्ट लोक एकमेकांना सांगत होते, की पोरगी इतकी धीराची, की आई समोर आणि ही पाणी विचारते.

धीरबीर काही नव्हता. हातात पाण्याचा तांब्या होता, तो कुणाला तरी द्यायला हवा होता.

अग्नी दत्तोपंतमामांनी दिला. मंदाकिनीबाईंचा हा धाकटा भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेला, सदा घाईत असलेला माणूस. संध्याकाळी अंघोळ करून ते ओल्या अंगानेच मीरासमोर येऊन बसले.

"मंजिरीले कोणी सांगितलं?"

"नाही अजून."

"मग सांगायचंही नाही. तिसऱ्यांदा पोट आलं आहे पोरीचं, आधीचे दोन्ही गेले. डॉक्टरनं पलंगावरून उतरू नको म्हटलं आहे. जावयाले, पियुषले मी ऑफिसात फोन करून सांगतो. बाळंत होऊ दे, सव्वा महिना जाऊ दे. दुधाच्या बाईले असं सांगितलं की दूध आटते."

मीराने मान हलवली. ती सरकारी कॉलेजात इतिहास शिकवत होती, वाचनही पुष्कळ होतं, दूध असं आटत नाही हे वाद घालून सांगण्याइतकी माहिती तिच्याकडे होती. पण त्या दिवशी कुणी तिला काहीही सांगितलं असतं तरी तिने मान हलवली असती.

दोन दिवसांनी मंजिरीचा फोन आला, तेव्हा तो मामांनीच उचलला. "आई? आई कुठची घरी पोरी! ती तर नर्मदा परिक्रमेले गेली!" एवढं बोलून ते स्वतःच दचकले. चटईवर बसलेल्या मीराला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली काही मंडळी त्याच आठवड्यात परिक्रमेला निघाली होती, तेवढं त्यांच्या जिभेवर होतं. "हव, अचानकच ठरलं. तुझ्यासाठी नवस बोलली होती, सुखरूप सुटू दे म्हणून. पायी आहे नं, फोन-गिन काही नाही तिकडे. तुझ्याकडे मीरा येऊन राहिली आहे, तू काळजी नको करू." रिसीव्हर ठेवून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "निघून गेलं तोंडातून."

एकदा तोंडातून निघालेलं मग तसंच चालवावं लागलं. अस्थी राजिमच्या संगमात सोडून झाल्या, तेराव्याचं गोड जेवण झालं, मीराचा व्हिसा झाला. पिशवीतला डिंक तेवढा वर ठेवून आईने भरलेली बॅग तिने तशीच बंद केली आणि एप्रिलच्या मध्यावर ती निघाली.

*

मंजिरी आणि पियुष राहत होते ते इरुमा नावाचं गाव तोक्योपासून तासाभरावर होतं. गाव म्हणायचं, पण होतं शहरच. मात्र असं शहर, की जिथे आवाज नाही. दोन मजली घरं, घरापुढे हातभर बाग, बागेत छाटून गोल केलेली झुडपं, आणि घरं जरा विरळ झाली की चहाचे मळे. कमरेएवढ्या हिरव्या रांगा, वरून गोलाई दिलेल्या. मळ्यांत जागोजागी उंच खांब होते आणि खांबांवर चक्क पंखे बसवलेले होते, घरातल्या टेबलफॅनसारखे, किंचित खाली वाकलेले.

स्टेशनवरून घरी नेताना पियुषने टॅक्सीतून दाखवले. पियुष रायपूरचाच, घरी सगळे मराठी. पण शाळेपासून त्याच्या तोंडात हिंदीच बसलेली. "दीदी, ये ठंड भगाने के लिए हैं. रात को पाला पड़ता है ना, तो ऊपर की गरम हवा नीचे फेंकते हैं. पत्ती जलती नहीं."

रायपुरात आत्ताच ऊन बेचाळिसावर गेलं होतं. थंडी घालवायला पंखा, हे ऐकून आईने पियुषला दहा प्रश्न विचारले असते, हे मीराला कळत होतं. तिला स्वतःला एकही सुचला नाही.

"मंजिरी को कुछ शक नहीं है," पियुष हळूच म्हणाला. "बस गुस्सा है. बहुत गुस्सा."

ते दारातच कळलं. मंजिरी उशांना टेकून बसली होती, पोट गळ्याशी आलेलं. बहिणीला बघून आधी रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आली का तू? मले वाटलं तूही कुठं गिरनारबिरनार चढाले गेली असशील."

"आली नं."

"ताई, एक सांग मले. जिनं आयुष्यात एकादशी केली नाही, जी गणपतीले म्हणायची की बाबा मोदक मी करते, आरती तू तुझी पाहून घे, ती बाई नर्मदेले पायी चालली? गुडघे दुखतात म्हणून जी दूध आणाले जात नव्हती?"

"नवस होता म्हणते."

"कोणासाठी? मंजिरीसाठी नं? मग मंजिरीले विचारलं का, तुले नर्मदा पाहिजे का आई पाहिजे?"

मीराने बॅग उघडली. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी. मंजिरीने एक दुपटं उचलून नाकाला लावलं आणि परत टाकून दिलं. "सामान पाठवलं म्हणजे झालं."

त्याच आठवड्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. मीराने कंबर बांधली ती बांधलीच. सकाळी लेकराला तेल, मग आईला तेल, शेक, धुरी. धुरीचा वास बाहेर जाऊन कुणी तक्रार करू नये म्हणून खिडकीच्या फटींत टॉवेल कोंबायचे. मग अळिवाची खीर, दुपारी मऊ भात, डिंकाचा लाडू. ती कुठेही चुकली नाही. रात्री अंग टाकलं की झोपही लागायची. सोबत आणलेलं पुस्तक ती रोज उघडायची आणि रोज तेच पान वाचायची, कारण काल काय वाचलं ते आठवत नसे. जेवणाला चव नव्हती, पण भूक लागत होती. या सगळ्याचं तिला आश्चर्यही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला असूनही आपला राहत नाही, तसं काहीसं सगळ्या अंगाचं झालं होतं, इतकंच.

त्यातून आत जाऊन लागायचे ते फक्त मंजिरीचे शब्द. आणि ते रोज असायचे.

"या लाडवात मेथी जास्त आहे. आईच्या हातचा असा नसते." लगेच, "हो, पण आईले कुठं फुरसत आहे."

"आईचंच प्रमाण आहे," मीरा म्हणायची.

"काहून तिची बाजू घेऊन राहिली तू? तुले एकटीले घरी टाकून गेली नं ती?"

"हव."

"हव काय? राग नाही येत तुले?"

"येते कधी कधी," मीरा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

एका संध्याकाळी मंजिरी लेकराला पाजत होती. बाहेर पाच वाजले तसा खांबावरच्या भोंग्यातून ती रोजची संथ धून वाजली. पोरांनी आता घरी जावं म्हणून ती गावभर वाजते, असं पियुषने सांगितलं होतं. धून संपेपर्यंत मंजिरी लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मी ठरवलं, ताई. ती आली नं परत, तर मी फोनवर नाही येणार. पोरीचा फोटोही नाही पाठवणार. दोन वेळा माझं पोट गेलं तेव्हा ती आली नाही, तब्येतीचं कारण होतं, मी मानलं. यावेळी तिनं म्हटलं होतं, काही झालं तरी येते. शब्द दिला होता. माझ्यासाठी ती संपली आता."

मीरा ओली दुपटी वाळत घालत होती. तिने एक दुपटं झटकलं, पुन्हा झटकलं. सव्वा महिना व्हायला अजून बरेच दिवस होते. तोवर मंजिरी रोज थोडं थोडं आईला मनातून काढून टाकणार होती, आणि मग एक दिवस मीरा तिला सांगणार होती की जिला तू काढून टाकलंस ती तुझ्याकडे यायला निघालेलीच होती. मग हे सगळे शब्द मंजिरी कुठे ठेवणार होती?

त्या रविवारी मामांचा फोन आला तेव्हा मीरा रिसीव्हर घेऊन स्वयंपाकघरात गेली. "मामा, सांगू द्या मले आता. ती आईले नाही नाही ते बोलून राहिली."

"बोलू दे," मामा म्हणाले. "बोलल्यानं काय होते? मेलेल्या माणसाले लागते का? जित्या लेकराले लागते. सव्वा महिना म्हटलं म्हणजे सव्वा महिना."

*

बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. मे महिना लागला होता आणि चहाच्या रांगांवर पोपटी कोंभांचा थर चढला होता. दुकानांपुढे नव्या चहाचे उभे झेंडे लागले होते. इमारतीतल्या शेजाऱ्यांनी बाळाला मोजे, टोप्या, खुळखुळे दिले होते. इथे अशी भेट आली की उलट भेट द्यावी लागते, आणि या गावात उलट द्यायचं तर चहाच, असं मंजिरीचं म्हणणं. "घुगऱ्यांसोबत एकेक चहाचं पाकीट दे. कोपऱ्यावर ते जुनं दुकान आहे, मागे त्यांचाच मळा आहे. तिथं जा, पाकीट दाखव, बोटं दाखव किती ते. काही विचारलं तर 'हाय' म्हणजो. हाय म्हणजे हो."

दुकान थंडगार आणि अर्धवट अंधारं होतं. भाजल्या पानांचा वास होता. काउंटरमागे साठीच्या आतबाहेरची बाई होती, केस मागे घट्ट बांधलेले, निळा एप्रन. मीराने पाकिटं दाखवली, बोटं दाखवली. बाईने मान लवून पाकिटं काढली आणि मग दोन कागद तिच्यापुढे ठेवले. त्यातला कुठला गुंडाळू, असं ती विचारत असणार. एका कागदावर लाल-पांढऱ्या दोरीची मोठी फुलपाखरी गाठ छापलेली होती, मिठाईच्या डब्यावर असते तशी. दुसरा साधा, पांढरा. त्यावर फिक्या राखी रेषांनी एक कमळ काढलेलं, देठासकट, पाण्यातून वर आलेलं.

मुलीचं बारसं. घरात लक्ष्मी आली, सगळे म्हणत होते. मीराने कमळावर बोट ठेवलं.

बाईचा हात थांबला. तिने मीराकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं नव्हे, जरा जास्त वेळ. मग कमळाच्या कागदाला हात लावून तिने हळू आवाजात एक लांबसा प्रश्न विचारला.

"हाय," मीरा म्हणाली.

बाईने डोळे खाली केले. काउंटरच्या टोकाला लहानसा रेडिओ चालू होता, तो तिने बंद केला. मीराला बाकावर बसवलं आणि आधी चहा केला. पाणी उकळून ते दुसऱ्या भांड्यात निववलं, मग पानांवर घातलं, वाट पाहिली. वाटी दोन्ही हातांनी मीरापुढे ठेवली आणि स्वतः मागे जाऊन कागद घडी करू लागली. प्रत्येक कागदावर तिने कुंचल्याने एक अक्षर काढलं. शाई अगदी फिकी होती, राखेच्या पाण्यासारखी. संपत आली असेल, मीराला वाटलं. चहा कोमट होता. मीरा तो संपेपर्यंत बसली. रायपूर सोडल्यापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, ती अशी काही न करता कुठे बसली नव्हती.

निघताना बाई काउंटरमागून बाहेर आली, पिशवी तिने रस्त्यापर्यंत आणून दिली आणि इतकी खाली वाकली की तिच्या मानेवरचं हाड दिसलं. वळणावर मीराने मागे पाहिलं तर ती अजून तशीच होती. गिऱ्हाइकाला फार मान देतात इथे, असं मीराने घरी सांगितलं.

"देतातच," मंजिरी म्हणाली. "रायपूरवाले काय, पिशवी फेकून मारतात."

*

बारशाच्या सकाळी पियुष पाळण्याच्या मागे लागला होता. पाळणा कुठला, कपडे धुवायची प्लास्टिकची टोपली होती. तिला मंजिरीचा शालू गुंडाळून आणि कडेने कागदी फुलं चिकटवून तो ती पुन्हा पुन्हा लांबून बघत होता. "दीदी, मंदिर जैसा लग रहा है या धोबी जैसा?" लेकराचं नाव गंधाली ठेवायचं होतं. आत्या दुर्गला, तेव्हा कानात नाव मावशीनेच सांगायचं होतं.

मीराने घुगऱ्या कागदी वाट्यांत भरल्या आणि पाकिटांची पिशवी घेऊन ती एकटीच दारोदार जाऊन आली. दार उघडलं की हसायचं, दोन्ही हातांनी द्यायचं, वाकायचं. माणसं हसतच दार उघडत होती, पण पाकिटाकडे नजर गेली की सरळ उभी राहत होती. खालच्या मजल्यावरच्या तरुण नवऱ्याने तोंडातला दात घासायचा ब्रश काढून पाठीमागे लपवला आणि खोल वाकला. एका बाईने आत दंगा करणाऱ्या पोराला हाताने गप्प केलं. वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींनी पाकीट घेतलं, घुगऱ्यांकडे पाहिलं, परत पाकिटाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचा रंग उडाला. मीराला वाटलं, त्यांना बरं नसावं.

दुपारी जेवणं व्हायची होती. टोपलीत गंधाली झोपलेली, मंजिरी डोक्याला रुमाल बांधून शालूच्या उरलेल्या टोकाशी बसलेली, आणि दारावरची घंटी वाजली. दारात आजी होत्या. काळा झगा, काळा स्वेटर, हातात पांढरी फुलं आणि सकाळचंच पाकीट. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. चपला काढून त्या थेट टोपलीकडे आल्या, गुडघ्यांवर बसल्या, वाकून बघितलं. गंधालीने झोपेतच तोंड वेडंवाकडं केलं. आजींनी छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

मंजिरी घाबरून काहीतरी विचारू लागली. दोन वर्षांत ती मोडकंतोडकं जपानी बोलायला शिकली होती. आजींनी पाकीट पुढे केलं, कमळावर बोट ठेवलं, काही सांगितलं. मंजिरीने एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा मीराकडे, आणि मग ती खो-खो हसत सुटली. हसता हसता पोट धरलं तिने.

"ताई! अगं काय करून आली तू! हा कागद मयताचा आहे, ही फिकी शाईही मयताचीच! घरी कोणी गेलं, लोक भेटून गेले, की मग त्यांना हा असा चहा देतात. कमळ म्हणजे मयत इथं! आख्ख्या बिल्डिंगले वाटली तू! आजीले वाटलं आपलं लेकरू..." ती पुन्हा हसली, डोळे पुसले. "देवा रे. पियुष, सुन रहे हो? बारसे के दिन!"

पियुष हसला नाही. तो टोपलीच्या कडेचं कागदी फूल बोटाने दाबून दाबून चिकटवत होता. ते आधीच चिकटलेलं होतं.

मंजिरी आजींकडे वळली, हात जोडले आणि त्यांच्या भाषेत सुरू झाली. चूक झाली, माझी बहीण नवी आहे, आमच्याकडे कमळ शुभ असतं, असंच काही असणार. आजींनी सुस्कारा सोडला, ओल्या डोळ्यांनी हसल्या, मीराच्या गुडघ्यावर थोपटलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, छोटासा.

"विचारून राहिल्या, म्हणजे कोणीच गेलं नाही नं?" मंजिरी हसतच म्हणाली. "काय ध्यान आहे वं ताई तू. सांगते त्यांना, की कोणी नाही गेलं."

आता फक्त हसायचं होतं. दात दाखवले असते तरी पुरलं असतं. मीराने तोंड उघडलं. तिला त्या दुकानातला बंद झालेला रेडिओ ऐकू आला. म्हणजे ती शांतता ऐकू आली. त्या बाईला वाटलं होतं हिचं कोणी गेलं आहे. आणि हिने हो म्हटलं होतं.

"तसं नको सांगू," मीरा म्हणाली.

"काय?"

"कोणी नाही गेलं असं नको सांगू त्यांना."

मंजिरीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याला कुठे जायचं ते कळेना. तिने पियुषकडे पाहिलं. पियुष फुलाकडेच बघत होता. मग तिने परत मीराकडे पाहिलं, आणि विचारलं ते अगदी हळू, जणू लेकरू उठेल म्हणून. "नर्मदा?"

"मामांच्या तोंडातून निघून गेलं ते. नर्मदा-बिर्मदा काही नाही. ती इकडेच निघाली होती. तिकीट होतं तिच्याजवळ. बॅग तिनंच भरली, मी डिंक तेवढा ठेवला. डिंक आणाले गेली गोलबाजारात, आली, खुर्चीत बसली. पाणी मागितलं. मी आणलं तोवर..." मीरा थांबली. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. रायपुरात सगळ्यांना आधीच माहीत होतं, सांगावं लागलंच नव्हतं. "होळीच्या दोन दिवस आधी."

मंजिरीने शालूचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाली, "मी इतकं बोलली. तू ऐकत बसली."

"हव."

"एकदा तरी थोबाडीत माराची होती माझ्या."

"बाळंतीण आहेस तू."

आजींना भाषा कळत नव्हती, पण त्या आता हसत नव्हत्या. त्यांनी आपली फुलं उचलली आणि जरा मागे सरकून, हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. उठून गेल्या नाहीत.

"डोक्यावरून पाणी घ्यावं लागते नं कळल्यावर?" मंजिरीने विचारलं. "पण बाळंतिणीनं घ्यावं का? आज घ्यावं का? बारसं ठेवावं की नाही आता?"

"माहीत नाही मले."

"हे आईले विचारावं लागलं असतं," मंजिरी म्हणाली, आणि मग ती रडली. मोठ्याने रडली, या गावात कुणी रडत नसेल तशी. लेकरू दचकून उठलं आणि तेही सुरू झालं. पियुषने त्याला उचलून तिच्या मांडीवर दिलं. ती रडत होती आणि पाजत होती, आणि दूध येत होतं, पोरगी घटाघट पीत होती. मीरा बघत राहिली. तिला वाटलं होतं की हे सांगून झालं की आपल्यालाही काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त पाय दुखत होते, आणि ते किती दिवसांपासून दुखत आहेत हे आत्ता कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. बारशाची वेळ मामांना माहीत होती. पियुष उठायला लागला, पण मंजिरीने हात लांब करून रिसीव्हर स्वतःच घेतला. मामा फोनवर नेहमी ओरडूनच बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू यायचं.

"मंजिरी? झालं का बारसं? काय ठेवलं नाव? आशीर्वाद आहे बरं पोरीले! अन् ऐक, तुझ्या आईचा निरोप आला. होशंगाबादहून कोणी आलं होतं, त्याच्याजवळ तिनं सांगून पाठवलं. तब्येत चांगली आहे म्हणते. नातवंडाले पाहाले जीव लागला आहे म्हणते..." मामांचा आवाज अडखळला, घसा खाकरून पुन्हा वर चढला. "तुझी आठवण काढते, पोरी. रोज काढते."

मीराने हात पुढे केला, रिसीव्हर घ्यायला. मंजिरीने मान हलवली. गाल पुसले, आवाज जमेल तेवढा सरळ केला.

"हव मामा," ती म्हणाली. "परत कोणी तिकडं जाणारं असलं तर माझाही निरोप सांगजा आईले."

"हव, सांगतो नं. काय सांगू?"

"सांगा, पोरगी झाली. अन् सांगा, मंजिरी रागावली नाही. रागावली होती, पण आता नाही. ती निघाली होती, हे मले समजलं."

तिकडून रायपूरचा पंखा ऐकू येत होता, आणि मामांच्या दारापुढून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न. मग कुणीतरी खोल श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, आणि तो तुटला.

मंजिरीने रिसीव्हर मीरापुढे धरला. "मामा रडून राहिले," ती म्हणाली. "तू बोल."

मीराने तो कानाला लावला. अग्नी देताना, अस्थी सोडताना, तेराव्याच्या पंगतीत, कुठेच तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांना पाणी, पत्रावळ्या, गाड्या बघत ते फिरत होते. आता ते तिकडे रडत होते, लहान पोरासारखे, हुंदक्यांमध्ये नाक ओढत.

"मी आहे, मामा," एवढंच ती म्हणाली, आणि ते थांबेपर्यंत उभी राहिली.